पाचट कुजवायचं तर बुरशी जगवा: खोडव्याच्या सरीतलं काम, तोडणीपासून पुढे

ऊस तुटून टोळी पुढच्या फडात गेली की एकरी सव्वातीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, शेतात पडून राहतं. कृष्णाकाठी, कराडपासून पलूस-वाळव्यापर्यंत, अजूनही पुष्कळ ठिकाणी त्याला काडी लागते. जे जाळत नाहीत त्यांची तक्रार वेगळीच असते: ‘संवर्धन टाकलं, पण पाचट होतं तसंच आहे.’ बहुतेक वेळा संवर्धन, म्हणजे पाचट कुजवणाऱ्या बुरशीची पाकिटातली भुकटी, खोटं नसतं. ते खतासारखं फेकून विसरलेलं असतं. पाकिटात बुरशीचे झोपलेले बीजाणू असतात. त्यांना जागं करावं लागतं आणि जागे झाल्यावर तीन-चार महिने जगवावं लागतं. गोठ्यातलं जनावर विकत आणून बांधलं आणि वैरण-पाणी दाखवलंच नाही, तर दोष जनावराचा नसतो.

बुरशी कशी खाते

बुरशी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हावर तिचं पोट भरत नाही. तिची पेशीभिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन. तिचं शरीर म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, दोन ते दहा मायक्रॉन जाडीच्या तंतूंचं जाळं. आपल्याला दिसणारी छत्री किंवा हिरवी-काळी भुकटी हा फक्त बीजाणू पसरवण्याचा अवयव. खरी बुरशी पाचटाच्या आत आणि मातीत असते.

तिला ना तोंड, ना पोट. ती आधी पचवते आणि मग खाते. तंतूच्या टोकातून विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, समोरचं पाचट बाहेरच्या बाहेर विरघळवते आणि तयार झालेली साखर शोषून घेते. शेतातले निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात. विकरं पाण्याच्या थरातूनच पाचटापर्यंत पोचतात, म्हणून कोरड्या पाचटावर बुरशी असूनही उपाशी राहते. तंतू टोकाकडून वाढतो आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून तुकडे एकमेकांना आणि मातीला चिकटलेले हवेत. विकरं म्हणजे प्रथिनं, प्रथिनांना नत्र लागतं, आणि पाचटात नत्र नावापुरतं असतं.

पाचटात मुख्यतः तीन गोष्टी असतात: सेल्युलोज, हेमीसेल्युलोज आणि त्यांना जखडून ठेवणारं लिग्निन. हिरवं वाढं जनावर आवडीनं खातं आणि वाळलेलं पाचट हुंगून सोडतं, त्याचं एक कारण हे लिग्निन. पाचट ओलं झालं की पहिल्या काही दिवसांत उरलीसुरली साखर खाणाऱ्या बुरशा येतात, म्युकर आणि रायझोपससारख्या, पांढऱ्या-करड्या लवीच्या. त्या लवकर संपतात. मग सेल्युलोज खाणाऱ्या येतात: ट्रायकोडर्मा, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, किटोमियम. लिग्निन फोडणाऱ्या सगळ्यात शेवटी येतात, आणि त्यांतल्या बहुतेक छत्रीवाल्या गटातल्या असतात. लिग्निन फोडायला प्राणवायू लागतोच. सरीत पाणी तुंबलं की हे शेवटचं काम थांबतं, मग वरून कितीही पाकिटं टाका.

ट्रायकोडर्माची सेल्युलोज खाण्याची ताकद केवढी, याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि सामान कुजायला लागलं, तेव्हा त्यातून जी बुरशी वेगळी केली तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. आज जगभर सेल्युलोज फोडणारी औद्योगिक विकरं मोठ्या प्रमाणावर तिच्याच वाणांपासून करतात. सुती कापडाची ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

युरिया का, आणि किती

पाचट कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो संवर्धन ही शिफारस बहुतेकांना पाठ असते. त्यामागचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही, आणि तो कळला नाही की युरिया ‘वाचवला’ जातो.

एकरी ३,२०० किलो पाचट धरा. त्यात साधारण ४० टक्के कर्ब, म्हणजे १,२८० किलो. नत्र ०.४५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे साडेचौदा किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर ९० ला १ च्या घरात गेलं. बुरशीच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण १० ला १ च्या आसपास असतं. खाल्लेल्या कर्बातला बराचसा ती श्वासावाटे उडवते, तरी अंग वाढवायला नत्र कमी पडतंच. मग ती मातीतलं नत्र ओढते. खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाचे, फुटवे पिवळे पडतात, आणि आपण म्हणतो पाचट ठेवल्यानं ऊस पिवळा पडला. एकरी ३२ किलो युरियातून पावणेपंधरा किलो नत्र मिळतं. म्हणजे पाचटातलं नत्र दुप्पट होतं आणि गुणोत्तर ४५ च्या आत येतं. एवढ्यावर बुरशीचं काम चालू होतं. पुढे कर्ब उडत जातो तसं गुणोत्तर आपोआप खाली येतं.

गुंठ्याच्या मापात सांगायचं तर ८० किलो पाचटाला ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सुपर आणि १०० ग्रॅम संवर्धन. साडेचार फुटी सरी असेल तर गुंठ्यात सुमारे २४० फूट सरी येते. पहिल्या एका गुंठ्यापुरतं मोजून टाकलं की हाताला अंदाज बसतो. हा युरिया खोडव्याच्या खतमात्रेत धरू नका. तो बुरशीचा आहे. ती मेली की उसाला परत मिळतो, पण उशिरा.

तोडणीनंतरचे पहिले दहा-बारा दिवस

पंधरा फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नये, ही जुनी शिफारस पाचटालाही लागू पडते. उशिरा तुटलेल्या फडात पाचट ओलं ठेवायला पाणी पुरत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात, त्यामुळे सुरुवात सावकाश होते. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. यातल्या बऱ्याच बुरशांना २५ ते ३० अंश तापमान मानवतं.

आधी बुडख्यांवरचं पाचट सरीत लोटा. बुडखा उघडा राहिला नाही तर कोंब पाचटाखाली पांढरट, लांबट फुटतो आणि फुटव्यांची संख्या घटते. मग धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा. छाटलेल्या तोंडावर कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारतात. इथे जपा: कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा त्याला फार लवकर बळी पडते. फवारा फक्त बुडख्यावर ठेवा, नोझल खाली धरा, सरीतल्या पाचटावर उडू देऊ नका. संवर्धन त्यानंतर किमान आठ दिवसांनी टाका. एकाच दिवशी दोन्ही उरकणारे शेतकरी एका हातानं पेरतात आणि दुसऱ्या हातानं मारतात.

कुट्टी करणं शक्य असेल तर करा. कुट्टी मशीननं चार-सहा इंचांचे तुकडे झाले की तीन फायदे होतात. पानावरचा मेणचट थर फाटतो, पाणी आत शिरतं, आणि तुकडे मातीला टेकतात. मशीन मिळत नसेल तरी अडत नाही, फक्त महिना-दीड महिना जास्त धरा. अखंड पाचटाचा ढीग सरीत फुगून राहतो, त्यामुळे तो पायानं दाबणं जास्त गरजेचं होतं.

आता युरिया आणि सुपर पाचटावर सारखं विस्कटा. संवर्धन त्यात कालवू नका. युरियाचे दाणे ओल ओढून घेतात, त्या खारट पाण्यात बीजाणू सुकतात. एकरी ४ किलो संवर्धन १०० किलो चांगल्या कुजलेल्या, थंड शेणखतात मिसळून वेगळं फेका, तेही संध्याकाळी. उन्हात उघड्यावर पडलेले बीजाणू फार टिकत नाहीत. वरंब्याच्या कडेची थोडी माती पाचटावर लोटता आली तर उत्तम. त्या मातीतही हजारो जातींच्या बुरशा आणि जिवाणू आहेतच. खरं काम बरंचसं त्याच करतात, पाकीट फक्त सुरुवातीला जोर देतं.

लगेच पाणी द्या. वाळकं पाचट बुरशीला हवं तितकं ओलं व्हायला एकरी सव्वातीन-साडेतीन हजार लिटर पाणी पुरतं, आणि एका पाळीत आपण याच्या कितीतरी पट देतो. तरी पाचट कोरडं राहतं, कारण पहिल्या पाण्यात ते तरंगतं आणि पाणी खालून निघून जातं. म्हणून पाणी चालू असताना सरीतून चालत जाऊन पाचट तुडवा. हे एकच काम असं आहे जे टाळलं की बाकीचं सगळं फुकट जातं. दुसरं पाणी जमिनीचा वाफसा बघून आठ-दहा दिवसांनी द्या आणि पुन्हा एकदा तुडवा. हलक्या माळरानात आणखी लवकर द्यावं लागेल.

ठिबकवाल्यांची अडचण वेगळी. नळी बुडख्याजवळ असते आणि पाचट सरीत, त्यामुळे मुळं ओली आणि पाचट कोरडं अशी गत होते. सोय असेल तर पहिली दोन पाणी पाटानं द्या. नसेल तर सुरुवातीचे काही आठवडे नळी सरकवून पाचटावर ठेवा आणि कोंब वाढल्यावर परत जागेवर आणा.

पुढची खतं पाचटावर फेकायची नाहीत. पहारीनं बुडख्यापासून सहा-आठ इंच अंतरावर, तितकंच खोल भोक पाडून, दर फुटावर खत टाकायचं आणि बुजवायचं. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरी साधारण १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. वर फेकलेल्या युरियातला काही अमोनिया होऊन उडतो, काही बुरशी खाते. पहारीचं खत तिच्या हाताला लागत नाही. कष्ट आहेत, मजुरीही जाते. पण पाचट ठेवून खत वरून फेकणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

संवर्धन घरी वाढवायचं असेल तर

एक किलो ट्रायकोडर्मा भुकटी आणि १०० किलो शेणखत हे सोपं माप. शेणखत पूर्ण कुजलेलं, हात घातला तर थंड लागणारं हवं. ताज्या शेणाचा ढीग ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि बीजाणू भाजून निघतात. कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते, पण जुनी आणि निवलेली. झाडाखाली किंवा छपरात फूटभर उंचीचा थर करा, पाणी शिंपडा आणि मूठ दाबून बघा: गोळा झाला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. भुकटी थराथरानं मिसळा, वर ओलं गोणपाट टाका. प्लॅस्टिक नको, हवा कोंडते. दर चार दिवसांनी वर-खाली करा, सुकलं तर शिंपडा. पंधरा-वीस दिवसांत आधी पांढरी लव आणि मग हिरवट रंग दिसतो. तयार झालं की आठवड्याच्या आत शेतात टाका.

काळी भुकटी उठली तर ती बहुधा अ‍ॅस्परजिलस. ओल कमी आणि उष्णता जास्त झाल्याचं लक्षण. आंबट किंवा कुजट वास आला तर पाणी जास्त झालं, थर पातळ करून पसरा. ढीग हलवताना नाका-तोंडाला फडकं बांधा. दमा असलेल्या माणसानं हे काम करूच नये, कोणत्याही बुरशीची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

काही जण संवर्धन गूळ-पाण्याच्या पिंपात वाढवतात, त्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. स्थिर पिंपात गूळ घातला की सगळ्यात जोरात यीस्ट आणि जिवाणू वाढतात. ट्रायकोडर्माला हवा लागते, ती जेमतेम पृष्ठभागावर साय धरते. जिवाणूंच्या स्लरीसाठी पिंप ठीक आहे, बुरशी वाढवायला शेणखतच बरं.

पाकीट जिवंत आहे का, हे स्वयंपाकघरातही कळतं. मूठभर भात मोकळा शिजवून उकळत्या पाण्यानं धुतलेल्या दोन काचेच्या ग्लासांत घाला, झाकून निवू द्या. एकात चिमूटभर भुकटी टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींवर कागद बांधून सावलीत ठेवा. पाच-सहा दिवसांत भुकटीच्या ग्लासात एकसारखी पांढरी आणि मग हिरवी बुरशी आली, तर माल चांगला. दोन्ही ग्लासांत एकसारखंच रंगीबेरंगी काही उगवलं तर ते हवेतलं आहे, पुन्हा करा. नंतर हा भात जनावरांना घालू नका, पुरून टाका. घेताना पाकिटावरची उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. मोटरच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलभर ठेवलेल्या पाकिटावर भरवसा ठेवू नका.

बिघडतं कुठे

महिन्यानं सरीत हात घाला आणि वरचा कोरडा थर बाजूला करून खालचं पाचट उचला. पानं एकमेकांना चिकटलेली, मधे पांढरे तंतू आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास, असं असेल तर काही करू नका. हा वास मुख्यतः अ‍ॅक्टिनोमायसीट जिवाणूंचा. तेही कुजवण्याच्या कामातले सोबतीच.

खालचा थरसुद्धा खुळखुळीत वाजत असेल तर पाणी पोचलेलं नाही. ओलं आहे पण रंग पिवळाच, तंतू नाहीत, तर नत्र कमी पडलं. गुंठ्याला दोनशे-तीनशे ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून शिंपडा. काळं, बुळबुळीत आणि नाक धरायला लावणारं असेल तर सरीत पाणी उभं आहे. क्षारपड, निचरा नसलेल्या काळ्या रानात हे हमखास होतं. तिथे आधी चर काढा, पाचट पातळ पसरा आणि पाण्याच्या पाळ्या लांबवा. मीठ फुटलेल्या जमिनीत बुरशी मंदच चालते, कारण खारट पाण्यातून तिला ओल खेचता येत नाही.

पाचटात उंदीर घर करतात, लष्करी अळीही लपते. बांधावरची बिळं आधीच बुजवा आणि फुटव्यांचे पोंगे कातरलेले दिसतात का, यावर नजर ठेवा. हुमणी (मुळं खाणारी अळी) मरावी म्हणून पाचट जाळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: अळी जमिनीत खोल असते, वरची पाच मिनिटांची आग तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यावर चालते ती दुसरी बुरशी, मेटारायझियम. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, कातडी भेदून आत शिरतो आणि अळीला आतून खातो. हेक्टरी २० किलो, शेणखतात मिसळून, पावसाच्या सुरुवातीला ओल असताना आणि अळ्या लहान असताना टाका. पाचटाखालची ओल आणि सावली तिलाही मानवते.

काणी किंवा लाल कूज हे उसाचे रोग दिसलेल्या फडाला यातलं काहीही लागू नाही. तिथे खोडवाच ठेवू नका. काणीचा काळा चाबूक पोत्यात गुंडाळून बेट मुळासकट काढा आणि जाळा. रोगट बुडखे शेतात ठेवून संवर्धनानं ते शुद्ध होतील, ही आशा फोल आहे.

मायकोरायझा हा तिसराच प्रकार. ती पाचट खात नाही. उसाच्या मुळाच्या पेशीत शिरून साखर घेते आणि बदल्यात लांबवरचा स्फुरद आणून देते. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, म्हणून शेणखतावर किंवा पिंपात ‘मायकोरायझा वाढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. आणि मुळाशी विद्राव्य स्फुरदाचा भडिमार केला की ऊस तिला विचारत नाही.

जाळलेल्या फडातली केशरी भुकटी

जळालेल्या बुडख्यांवर काही दिवसांनी कधी कधी केशरी भुकटी दिसते. ती न्यूरोस्पोरा. तिचे एका प्रकारचे बीजाणू आगीचा चटका बसल्याशिवाय उगवतच नाहीत. आग लागली, स्पर्धक मेले, की मोकळ्या रानात ही पहिली हजर. याच बुरशीवर बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जनुकं विकरांवर ताबा ठेवतात हे दाखवलं, आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बुरशी मोठ्या घरची खरी. पण ती दिसली याचा अर्थ पाचटातलं बहुतेक सगळं नत्र धुरावाटे गेलं आणि तीन-चार टन वैरण बाकीच्या बुरशांच्या तोंडून काढून घेतली गेली. राखेत पालाश उरतो, कर्ब नाही.

पावसाळ्यात न जळलेल्या सरीत छत्र्या उगवतील: नाजूक, राखाडी, सकाळी उगवून दुपारी शाईसारख्या वितळणाऱ्या, किंवा पांढऱ्या, जाड. लिग्निन फोडणारी मंडळी कामाला लागली, एवढाच त्यांचा अर्थ. खाऊ नका. ‘चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे चांगली’ किंवा ‘किडे लागलेत म्हणजे विषारी नाही’ या कसोट्या खोट्या आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरात वारुळावरची अळंबी ओळखणाऱ्या जुन्या माणसांचं ज्ञान त्या अळंबीपुरतं असतं, उसातल्या छत्रीला ते लावू नये.

जमिनीतली बुरशी खरंच वाढली का, हे बघायला सुती कापड घ्या. जुन्या पांढऱ्या धोतराच्या एकसारख्या सहा पट्ट्या, चार बोटं रुंद आणि फूटभर लांब. पॉलिस्टर मिसळलेलं कापड नको, ते कुजत नाही. तीन पट्ट्या पाचटाच्या सरीत वीतभर खोल उभ्या पुरा, तीन पाचट न ठेवलेल्या किंवा जाळलेल्या रानात. प्रत्येकीचं एक टोक वर ठेवून त्याला नायलॉनची दोरी बांधा, खुणेला काठी रोवा. दोन्हीकडे पाणी सारखं द्या. पंचेचाळीस दिवसांनी हलक्या हातानं उपसा, पाण्यात विसळा आणि शेजारी-शेजारी वाळत घाला. पाचटाच्या सरीतली पट्टी जाळीदार झाली असेल, ओढताच फाटत असेल आणि दुसरी अजून तशीच घट्ट असेल, तर सरीतली बुरशी कामावर आहे. दोन्हीकडच्या सारख्याच घट्ट निघाल्या तर पहिल्यांदा पाण्याच्या पाळ्या तपासा, आणि मग युरियाचं माप.